बाजाराचा रस्ता आणि नगराची शिस्त

(गोंदिया येथील व्यापारी व नागरिक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



एखाद्या नगराची खरी परीक्षा त्याच्या प्रवेशद्वाराशी उभ्या केलेल्या कमानीवरून होत नाही; ती त्याच्या बाजारपेठेतील रस्त्यावरून होते. घरातली गृहिणी, काठी टेकत चालणारे आजोबा, शाळेतून परतणारी मुलगी आणि डोक्यावर टोपली घेऊन आलेली खेडूत स्त्री या चौघांना ज्या रस्त्यावरून निर्धास्तपणे चालता येते, ते नगर सुव्यवस्थित म्हणावे. ज्या रस्त्यावर या चौघांनाही अंग चोरून, गाड्यांचे आरसे चुकवत आणि गटाराच्या काठावरून वाट काढावी लागते, तेथे इमारती कितीही उंच झाल्या तरी नगररचना हरली आहे, असेच समजले पाहिजे.

गोंदियाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. पण बाजारपेठ म्हणून गोंदियाचे महत्त्व त्याच्या कितीतरी आधीपासूनचे आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरील हे जंक्शन. येथून एक वाट नागपूरकडे, एक रायपूरकडे, एक बालाघाट-जबलपूरकडे आणि एक चंद्रपूर-बल्लारशाकडे जाते. भाताच्या गिरण्यांनी या गावाला नाव दिले आणि मध्य प्रदेश व छत्तीसगड या दोन राज्यांच्या सीमेवरील खेड्यांनी त्याला गिऱ्हाईक दिले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ३३ हजार होती. परंतु लग्नसराईत, पोळ्याच्या आधी, दिवाळीच्या आठवड्यात गोरेलाल चौक, दुर्गा चौक या भागांत जी माणसे येतात ती केवळ या लोकसंख्येतली नसतात. तीन राज्यांच्या खेड्यापाड्यांतला माणूस या गल्ल्यांत खरेदीला येतो. रस्ते मात्र बैलगाडी आणि सायकल यांच्या काळातल्या रुंदीचेच राहिले.

रस्त्याचे चार दावेदार

बाजाराच्या रस्त्यावर चौघांचा दावा असतो. पहिला पादचारी. दुसरा वाहनचालक. तिसरा दुकानदार, कारण त्याचे दार त्या रस्त्यावर उघडते आणि तो नगर परिषदेचा कर भरतो. चौथा पथविक्रेता, ज्याला विदर्भात आपण ठेलेवाला म्हणतो, जो गुजरीत भाजी विकतो किंवा फुटपाथवर चादर अंथरून कपडे मांडतो.

या चौघांत भांडण कोणाचे दिसते? दुकानदार आणि ठेलेवाला यांचे. वर्तमानपत्रांत बातमी येते तीही अतिक्रमण हटाव मोहिमेची. पथक येते, ठेले उचलले जातात, दोन दिवस रस्ता मोकळा दिसतो आणि तिसऱ्या दिवशी सर्व पूर्ववत होते. महाराष्ट्रातील कोणत्याही शहराच्या रहिवाशाला हे चित्र नवे नाही. मात्र या भांडणात ज्याची कोणतीही संघटना नाही, ज्याचे निवेदन कोणी देत नाही, तो पादचारी विसरला जातो. वास्तविक रस्त्यावरचा पहिला हक्क त्याचा आहे. दुकानदाराचे गिऱ्हाईकही तोच आणि ठेलेवाल्याचेही तोच.

आणखी एक सत्य मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. रस्ता केवळ ठेल्यांनी अडत नाही. दुकानाची पायरी दोन फूट पुढे येते, पायरीपुढे स्टँड येतो, स्टँडवर पुतळे आणि त्यांच्यापुढे मालकाची दुचाकी. अनेक शहरांत तर दुकानापुढची सार्वजनिक जागाच ठेलेवाल्याला परस्पर भाड्याने दिली जाते. जी जागा स्वतःची नाही तिचे भाडे घेणे याला व्यापार म्हणत नाहीत. तेव्हा शिस्तीचा आग्रह धरायचा तर तो सर्वांना समान लागू झाला पाहिजे. गरिबाचा ठेला उचलायचा आणि श्रीमंताचे छत राहू द्यायचे, ही शिस्त नव्हे; तो पक्षपात आहे, आणि पक्षपाती शिस्त समाज कधीच मनापासून पाळत नाही.

आपल्या परंपरेतील बाजारव्यवस्था

बाजारावर नगराचे नियंत्रण असावे ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आलेली आहे, असे कोणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पण्याध्यक्ष आहे, संस्थाध्यक्ष आहे. तराजू-मापे तपासण्याची व्यवस्था आहे. ‘नागरिक’ या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना तर रस्त्याचा विचार अतिशय बारकाईने केलेला आढळतो. रस्त्यात कचरा टाकणाऱ्याला पणाचा आठवा भाग आणि चिखल-पाण्याने रस्ता अडविणाऱ्याला पाव पण दंड सांगितला आहे. हाच गुन्हा राजमार्गावर घडला तर दंड दुप्पट. आगीपासून संरक्षणासाठी रस्त्यांवर आणि चौकांत पाण्याची भांडी रांगेने भरून ठेवावीत, असेही तेथे सांगितले आहे. रस्ता मोकळा राहणे आणि आग विझविता येणे या दोन गोष्टींचा संबंध आपल्या पूर्वजांनी ओळखला होता.

अलीकडच्या काळातील उदाहरण पुण्याचे. पुण्याचा भाजीबाजार एके काळी शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरत असे. १८८६ मध्ये नव्या मंडईची इमारत उभी राहिली आणि बाजार तेथे गेला. आज महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी हीच मंडई. विशेष म्हणजे नगरपालिकेचे सदस्य राहिलेल्या जोतीराव फुले यांनीच या बांधकामावरील खर्चाला विरोध केला होता. सामान्यांच्या शिक्षणासारख्या गरजा बाजूला ठेवून इमारतीवर पैसा ओतावा काय, हा त्यांचा प्रश्न होता. मंडई टिकली, पुण्याची शोभा ठरली. पण तो प्रश्नही टिकला आहे. बाजाराची व्यवस्था करताना त्या व्यवस्थेचा खर्च आणि लाभ कोणाच्या वाट्याला येतो, हे विचारण्याचा अधिकार नागरिकाला असतोच.

कायदा काय म्हणतो?

या विषयावर आपल्याकडे भावना पुष्कळ आणि माहिती थोडी, अशी स्थिती आहे. म्हणून कायद्याचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे.

१९८९ मध्ये सोदान सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी एकाच वेळी सांगितल्या. रस्त्याच्या कडेला व्यापार करणे हा योग्य नियमनाच्या अधीन राहून नागरिकाचा हक्क आहे. केवळ ‘रस्ता जाण्या-येण्यासाठीच असतो’ एवढे म्हणून तो नाकारता येणार नाही. त्याच वेळी, अमुकच जागा कायमची आपली, असा हक्क मात्र कोणालाही नाही. गेल्या साडेतीन दशकांतील सर्व धोरण या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत घडले आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये महाराष्ट्रातील फेरीवाल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय धोरणाची अंमलबजावणी करण्याचे आदेश दिले आणि २०१४ मध्ये संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण व पथविक्रीचे विनियमन करणारा कायदा केला. तो १ मे २०१४ पासून लागू झाला.

या कायद्याच्या नावातच दोन शब्द आहेत: संरक्षण आणि विनियमन. ठेलेवाले पहिला शब्द वाचतात, दुकानदार दुसरा वाचतात आणि प्रशासन पुष्कळदा दोन्ही वाचत नाही.

कायद्याची यंत्रणा अशी आहे. प्रत्येक नगरात ‘नगर पथविक्रेता समिती’ असावी. तिचे अध्यक्षपद महापालिकेत आयुक्तांकडे आणि नगर परिषदेत मुख्याधिकाऱ्यांकडे. समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात. या समितीच्या सहकार्याने दर पाच वर्षांतून किमान एकदा पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावे. सर्वेक्षणात आढळलेल्यांना लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत सामावून घ्यावे. गोंदियाच्या २०११ च्या लोकसंख्येवर हा हिशेब केला तर ती संख्या सुमारे ३ हजार ३०० होते. प्रत्येकाला विक्री प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळावे. विक्रीसाठी खुले, मर्यादित आणि निषिद्ध असे तीन प्रकारचे विभाग ठरावेत.

विक्रेत्यावर बंधनेही आहेत. प्रमाणपत्र त्याला दुसऱ्यास विकता अथवा भाड्याने देता येत नाही. उपजीविकेचे दुसरे साधन नसल्याची हमी त्याला द्यावी लागते. आपल्या जागेची स्वच्छता त्याने राखायची आहे. जागा ठरावीक वेळेपुरती मिळाली असेल तर वेळ संपताच रोज आपला माल उचलून न्यायचा आहे. नियम मोडल्यास २ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरीकडे त्याला हटवायचे तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर यादी द्यावी लागते. नाशिवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो. भाजीवालीची टोपली उचलून नेऊन ती सडू देणे हे कायद्याला मान्य नाही.

आता या कायद्यातील सर्वांत महत्त्वाचे कलम लक्षात घ्यावे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणत्याही विद्यमान पथविक्रेत्याला हटविता येत नाही. याचा अर्थ काय? जेथे सर्वेक्षण झालेले नाही, तेथे मोहिमा कितीही काढल्या तरी त्यांचा कायदेशीर पाया कच्चाच राहतो. म्हणजे ज्या दुकानदाराला रस्ता मोकळा हवा आहे, त्यानेच सर्वेक्षणाचा आग्रह सर्वांत आधी धरला पाहिजे. आणि ज्या ठेलेवाल्याला रोजच्या धाकातून सुटका हवी आहे, त्याचीही मागणी हीच असली पाहिजे. वरवर शत्रू वाटणाऱ्या या दोन पक्षांचे हित एकाच कागदावर येऊन मिळते. हे एकदा ध्यानात आले की अर्धे भांडण संपते.

सर्वेक्षण रेंगाळण्यात हित असलेला तिसरा पक्षही असतो. ज्याचे नाव कोणत्याही नोंदवहीत नाही, अशा माणसाकडून रोजची चिरीमिरी घेणे सोपे असते. नोंद नसलेला माणूस तक्रार कोठे करणार? प्रमाणपत्र हातात असलेला विक्रेता नगर परिषदेची रीतसर फी भरील आणि पावती मागील. पावती हा भ्रष्टाचाराचा फार जुना शत्रू आहे.

केवळ गाड्या बंद करून भागते काय?

बाजारपेठेचा मुख्य रस्ता पादचाऱ्यांसाठी राखून ठेवावा, ही कल्पना जगभर रुजली आहे. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे १९६२ मध्ये स्ट्रॉगेट हा रस्ता वाहनमुक्त झाला, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांना आपला धंदा बुडेल असे वाटले होते. प्रत्यक्षात तो रस्ता युरोपातील नामांकित बाजारपेठ बनला. उलट अमेरिकेतील कॅलमझू या गावाने १९५९ मध्ये असाच प्रयोग केला आणि १९९८ मध्ये त्याच रस्त्यावर पुन्हा वाहने सोडावी लागली. तेव्हा फरशी घालून दोन्ही टोकांना खांब रोवले की बाजार फुलतो, असे नाही. तेथे पायी पोहोचणारी माणसे भोवती राहत असली पाहिजेत आणि रस्त्यावर काय चालावे याची रोजची देखरेख असली पाहिजे.

आपल्या देशातील मोठा प्रयोग दिल्लीच्या चांदणी चौकाचा. लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंतचा सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीचा रस्ता नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. सकाळी ९ ते रात्री ९ या वेळेत मोटारवाहनांना तेथे बंदी करण्यात आली. वाहने बाहेर गेली, पण मोकळ्या झालेल्या जागेवर कोणी बसावे आणि कोणी बसू नये, हा वाद न्यायालयात गेलाच. पुणे महापालिकेने डिसेंबर २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा भाग एक दिवस वाहनमुक्त ठेवण्याचा उपक्रम केला. एका दिवसाचा असला तरी त्याचा उपयोग असा की, रस्ता मोकळा झाला म्हणजे काय वाटते ते नागरिक स्वतः अनुभवतो.

गोंदियासारख्या शहराने दिल्लीची नक्कल करण्याची गरज नाही. येथील प्रयोग कमी खर्चाचा आणि वेळेवर आधारलेला असावा. बाजारातील एखादा निवडक टप्पा सणासुदीच्या दिवसांत संध्याकाळच्या चार तासांसाठी पादचाऱ्यांना द्यावा. मालाची चढ-उतार सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा करावी. रस्त्याच्या मधोमध अग्निशमन दलाची गाडी जाईल एवढी पट्टी रंगाने आखावी आणि त्या पट्टीत ठेला, दुचाकी, मंडप, स्वागतकमान काहीही येऊ नये. पट्टीच्या बाहेर ओळखपत्रधारक विक्रेत्यांच्या जागा क्रमांक घालून निश्चित कराव्यात. पावसाळ्यात रानभाज्या, नंतर शिंगाडे घेऊन येणाऱ्या खेड्यातील स्त्रियांसाठी त्या त्या हंगामात काही जागा राखून ठेवाव्यात. कारण त्यांचा व्यापार वर्षभराचा नसतो आणि नोंदणीच्या जंजाळात त्याच प्रथम सुटून जातात. परंपरेने जेथे ग्राहक व विक्रेते एकत्र येतात, तो नैसर्गिक बाजार कायद्याने निषिद्ध विभाग ठरविता येत नाही, हेही नियोजन करताना विसरून चालणार नाही.

आग आणि चेंगराचेंगरी

या विषयात केवळ सोयीचा नव्हे, तर प्राणांचा प्रश्न आहे. २१ डिसेंबर २०१६ च्या पहाटे गोंदियाच्या बाजारपेठेतील एका हॉटेलला आग लागली आणि सात जणांना प्राण गमवावे लागले. या दुर्घटनेचा दोष ठेलेवाल्यांवर टाकता येणार नाही. ती पहाटेची वेळ होती, बाजार बंद होता. पण त्यामुळेच मनात अधिक भीतीचा विचार येतो. अशी आग दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी सात वाजता लागली तर? बंब कोणत्या वाटेने येणार? महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार त्याच्या कक्षेतील इमारतींच्या मालकांनी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यांत, आपली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते. रस्त्यावरील शिस्तीची मागणी करणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्या इमारतीचे हे प्रमाणपत्र दिले आहे काय, हे प्रथम पाहावे.

दुसरे उदाहरण मुंबईचे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर १ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालये व प्रार्थनास्थळे यांपासून १०० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसू न देण्याची अट कायम ठेवली. तो निर्णय मुंबईच्या संदर्भातील होता. पण गोंदिया हे रेल्वेचे गाव आहे आणि गर्दीचा स्वभाव सर्वत्र सारखाच असतो. स्थानकाच्या तोंडाशी किती मोकळी जागा असावी, याचा विचार दुर्घटनेनंतर करण्यापेक्षा आधी केलेला बरा.

शेवटच्या माणसाचा विचार

शिस्तीची चर्चा करताना शेवटच्या माणसाचा विसर पडता कामा नये. करोनाच्या टाळेबंदीत सर्वांत आधी ज्याची चूल विझली, तो पथविक्रेता होता. १ जून २०२० रोजी त्याच्यासाठी पंतप्रधान स्वनिधी योजना सुरू झाली. प्रारंभी विनातारण १० हजार, नियमित परतफेड केल्यास २० हजार आणि पुढे ५० हजार रुपयांचे कर्ज. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना मार्च २०३० पर्यंत वाढविली आणि पहिल्या दोन टप्प्यांची रक्कम १५ हजार व २५ हजार केली. ज्याला सावकाराकडून सकाळी पैसे घेऊन संध्याकाळी व्याजासह परत करावे लागत होते, त्याच्या दृष्टीने बँकेच्या दाराची ही पायरी फार मोठी आहे. पण त्या पायरीपर्यंत पोहोचण्यासाठीही नगर परिषदेचे प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागते. म्हणजे पुन्हा गोष्ट सर्वेक्षणावर आणि नोंदणीवर येते. अंत्योदय हा शब्द भाषणात शोभतो. तो नोंदवहीत उतरला तरच खरा.

कर्तव्य कोणाचे?

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगर परिषदांच्या निवडणुका झाल्या आणि दीर्घ काळाच्या प्रशासकीय कारभारानंतर लोकनियुक्त प्रतिनिधी पुन्हा सभागृहात बसले. आता प्रश्न विचारायला माणूस आहे. नागरिकांनी सभ्यपणे, लेखी आणि सातत्याने पाच प्रश्न विचारावेत. पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण कधी झाले आणि त्याची यादी जाहीर आहे काय? समितीच्या बैठका होतात काय आणि त्यांचे इतिवृत्त पाहायला मिळते काय? विक्रीचे तीन विभाग नकाशावर निश्चित झाले आहेत काय? बाजारातील वसुली पावतीनिशी होते काय? आणि अग्निशमन गाडीसाठी मुख्य बाजारातील मार्ग वर्षातून एकदा तरी गर्दीच्या वेळी गाडी चालवून तपासला जातो काय?

प्रशासनाला प्रश्न विचारणाऱ्याने स्वतःचे आचरणही तपासावे. दुकानदाराने आपला माल उंबऱ्याच्या आत घ्यावा. ठेलेवाल्याने आखलेल्या रेषेच्या आत उभे राहावे आणि रात्री जागा झाडून जावे. ग्राहकाने दुचाकीवर बसूनच भाव करण्याची सवय सोडावी. रस्ता अडविण्यात त्याचा वाटा कोणापेक्षाही कमी नाही. उत्सव मंडळांनी मंडप घालताना बंबाची वाट मोजून सोडावी. व्यापारी संघटनेने आणि पथविक्रेत्यांच्या प्रतिनिधींनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. जे आपसांत बसून सुटते, त्यासाठी पोलीस लागत नाहीत आणि न्यायालयही लागत नाही.

कायदा रेषा आखू शकतो. ती पाळण्याची वृत्ती समाजाला स्वतःच घडवावी लागते. बाजार हा समाजाचा आरसा आहे. तेथे बलवानाने दुबळ्याला वाट करून दिली, श्रीमंताने गरिबाची भाकरी मान्य केली आणि गरिबाने इतरांची वाट मान्य केली, तर वेगळ्या उपदेशाची आवश्यकता उरत नाही. गोंदियाने तीन राज्यांच्या माणसांना आजवर धान्य दिले, कापड दिले, रोजगार दिला. आता येणाऱ्या प्रत्येकाला सुखाने चालण्याइतकी वाटही द्यावी.